थकलेल्या डोळ्यांची साक्ष

मराठी भाषेने थकव्याचा हिशोब फार पूर्वीपासून डोळ्यांवर मांडलेला आहे. माणूस झोपी गेला म्हणजे त्याचा 'डोळा लागला' असे आपण म्हणतो. रात्रभर जागलेल्याच्या 'डोळ्याला डोळा लागलेला' नसतो, पेंगणाऱ्याच्या 'डोळ्यांवर झापड' येते, जागरणाने डोळे 'तारवटतात'. हात, पाय, पाठ ही सुद्धा थकतात. परंतु दमलेल्या माणसाची खरी अवस्था ओळखायची झाली, की घरातली जाणती बाई आधी त्याच्या डोळ्यांकडे पाहते. 'मी काही दमलो नाही' असे तो कितीही म्हणाला, तरी तिचा विश्वास बसत नाही.

घरातल्या बाईला जे नजरेने कळते, ते आता यंत्राने मोजता येऊ लागले आहे. मोटारीच्या चाकामागे बसलेल्या माणसासमोर एक छोटा कॅमेरा लावायचा, त्याच्या पापण्यांची उघडझाप आणि बुबुळांची हालचाल क्षणोक्षणी टिपायची, आणि डोळे पेंगुळले असे दिसताच घंटी वाजवायची, अशी ही योजना आहे. परदेशांत ती रस्त्यावर आली आहे आणि आपल्याकडेही येऊ घातली आहे.

आता, कला शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात नाक का खुपसावे, असा प्रश्न आमचे शास्त्र शाखेकडील मित्र विचारतील. माझे उत्तर असे, की कॅमेरा कसा बनवावा हे त्यांनी सांगावे. पण त्या कॅमेऱ्याने दिलेला आकडा कोणाच्या हाती जावा, तो कोणाविरुद्ध वापरावा आणि त्यातून कोणाचे भले व्हावे, हे प्रश्न अर्थशास्त्राचे, समाजशास्त्राचे आणि नीतीचे आहेत. ते आम्ही विचारले नाहीत तर दुसरे कोणी विचारणार नाही. डोळ्यांवरून थकवा मोजण्याची ही विद्या आपल्या रस्त्यांवर अवश्य यावी, असे माझे मत आहे. मात्र तिची साक्ष थकलेल्या माणसाविरुद्ध न काढता त्याला थकवणाऱ्या कामाच्या वेळापत्रकाविरुद्ध काढली पाहिजे. या लेखात मला एवढेच मांडायचे आहे.

प्रथम ही विद्या काय आहे ते थोडक्यात पाहू. तुम्ही आत्ता ही ओळ वाचत आहात. तुमचे डोळे ओळीवरून तेलाच्या धारेसारखे सरकत आहेत असे तुम्हाला वाटत असेल, पण तसे नाही. डोळा एका जागी सुमारे पाव सेकंद थांबतो, मग टुणकन उडी मारून पुढच्या शब्दावर जातो, तिथे थांबतो, पुन्हा उडी मारतो. वाचन होते ते थांबलेल्या क्षणांत. पॅरिसमधील नेत्रवैद्य एमिल जावाल यांनी १८७८-७९ च्या सुमारास वाचणाऱ्याच्या डोळ्यांच्या या उड्यांकडे जगाचे लक्ष वेधले. पुढे १९०१ साली अमेरिकेत रेमंड डॉज यांनी डोळ्यावर पडलेल्या प्रकाशाचे प्रतिबिंब सरकत्या काचपट्टीवर टिपून या उड्यांचा वेग मोजण्याची रीत काढली. वाचतानाची एक उडी सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या दोन-चार पट काळात आटोपते. मान न वळवता खोलीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे पाहताना होणारी मोठी उडी तर सेकंदाला ४०० ते ५०० अंश इतका वेग गाठते. मानवी शरीरातील अत्यंत वेगवान हालचालींपैकी ही एक आहे.

या उडीचे वैशिष्ट्य असे, की तिचा वेग आपल्या इच्छेवर चालत नाही. कुठे पाहायचे ते आपण ठरवतो. पण तिकडे जाताना डोळ्याने किती वेगाने उडी घ्यावी, हे ठरवणे आपल्या हाती नाही. चालणे मुद्दाम जलद करता येते, आवाज मुद्दाम चढवता येतो, हसू उसने आणता येते. डोळ्याची उडी मुद्दाम जलद करता येत नाही. मेंदू शिणला की ही उडी मंदावते. पापणीचेही तसेच. ताज्या माणसाची पापणी लवते आणि सेकंदाच्या दहाव्या भागापासून चार दशांशापर्यंतच्या काळात पुन्हा वर जाते. झोप दाटू लागली की ती खाली यायला वेळ घेते, खाली रेंगाळते आणि जड होऊन वर जाते. झोपेच्या उंबरठ्यावर तर बुबुळे उड्या मारणे सोडून संथपणे इकडून तिकडे लोळू लागतात. अंधारात पाहत असताना डोळ्याची बाहुली स्थिर न राहता लहानमोठी होऊ लागते. डोळा हा असा प्रामाणिक साक्षीदार आहे.

या साक्षीचे आकड्यांत रूपांतर करण्याच्या रीती अनेक आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध रीत अमेरिकेतील व्हर्जिनियाचे संशोधक वॉल्टर विअरविल यांनी १९९४ साली मांडली. तिला 'परक्लोस' म्हणतात. एका मिनिटात पापणीने बुबुळ ८० टक्के किंवा त्याहून अधिक झाकलेले होते असा काळ किती, याची टक्केवारी म्हणजे परक्लोस. साध्या पापण्या लवण्याचा काळ यात धरत नाहीत, जडपणे मिटलेला काळ तेवढा धरतात. एखाद्या चालकाचा हा आकडा १५ टक्के आला असे समजा. याचा अर्थ मिनिटातले ९ सेकंद तो जवळजवळ मिटल्या डोळ्यांनी बसला होता. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी ९ सेकंदांत १५० मीटर जाते. एवढे अंतर ती गाडी तुकड्यातुकड्यांनी का होईना, आंधळेपणाने चाललेली असते.

यावर कोणी म्हणेल, की इतका खटाटोप कशाला? चालकालाच विचारावे, 'बाबा रे, दमलास का?' अडचण अशी, की दमलेल्या माणसाला स्वतःचा थकवा नीट कळत नाही. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना सलग १४ दिवस रोज ६ तासच झोपू दिले. दोन आठवड्यांनंतर त्यांची सावधपणाची परीक्षा घेतली, तेव्हा कित्येक बाबतींत ती माणसे सबंध एक-दोन रात्री न झोपलेल्या माणसांइतकी मंद झालेली आढळली. आणि त्यांना स्वतःला काय वाटत होते? थोडीशी झोप येते आहे, बाकी ठीक आहे! त्याच साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात जड वाहनांचा परवाना असलेल्या स्वयंसेवकांना आठवडाभर रोज ३, ५, ७ किंवा ९ तास अंथरुणात घालवू दिले होते. ज्यांना तीनच तास मिळाले, त्यांच्या डोळ्यांच्या उड्या मंदावल्या आणि बनावट गाडी चालवताना त्यांचे अपघातही वाढले. जे तोंडाने सांगता आले नाही, ते डोळ्यांनी सांगितले.

याच्याही आधी, १९९७ साली, ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड यांनी जागरणाची तुलना दारूशी केली होती. सलग १७ तास जागा असलेला माणूस कौशल्याच्या परीक्षेत रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका घसरतो, असे त्यांना आढळले. आपल्या देशात वाहन चालवणाऱ्यासाठी मद्याची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. याचा अर्थ असा, की पहाटे पाचला उठलेला आणि रात्री दहालाही गाडी चालवणारा माणूस, थेंबभर दारू न घेता, कायद्याने ज्याला आपण गुन्हेगार ठरवतो त्याच्यापेक्षा वाईट अवस्थेत असू शकतो. दारू प्यालेल्याला पकडण्यासाठी चौकाचौकांत फुंकण्याची यंत्रे आली. दमलेल्याला ओळखणारे यंत्र मात्र अजून चौकात आलेले नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. अहमदपूर हे लातूर-नांदेड रस्त्यावरचे गाव. तुळजापूरहून लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड करीत यवतमाळ-वर्ध्याकडे जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग आपल्या दारावरून जातो. दिवाळी सरली, कारखान्यांची धुराडी पेटली, की या रस्त्याचे रूप पालटते. ऊस लादलेले ट्रक, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांना ओलांडून पुण्या-मुंबईकडे धावणाऱ्या रातराण्या आणि खासगी बसगाड्या, मधूनच बिगर दिव्याची बैलगाडी. हे सर्व रात्रीचे चाललेले असते. या प्रत्येक गाडीत एक माणूस चाकामागे बसलेला असतो, आणि तो किती वाजता उठला आहे हे विचारणारा कोणी नसतो.

माझे मामा हंगामात ऊस वाहतुकीचा ट्रक चालवतात. गेल्या हिवाळ्यात ते घरी आले असता मी त्यांना विचारले, "मामा, रातच्याला झोप आली तर काय करता?" ते हसले. म्हणाले, "काय करावं बाबा? काच खाली करायची, तोंडावर पाणी मारायचं, गाणी मोठ्यानं लावायची. लईच झालं तर किन्नरला बोलत बस म्हणायचं."

"पण गाडी बाजूला लावून घंटाभर झोपलं तर?"

"झोपलं तर नंबर जातो. नंबर गेला की खेप जाती. खेप गेली तर गाडीचा हप्ता काय तू भरणार हाईस?" मग थोडे थांबून ते म्हणाले, "खरं सांगू का, डोळे उघडेच असतेत. पर मधलं गाव कवा मागं गेलं, ते ध्यानातच येत न्हाई."

मामांच्या या बोलण्यात या विषयाचे सगळे सार आहे असे मला वाटते. शेवटच्या वाक्यात त्यांनी जे सांगितले, ते अभ्यासकांनाही ठाऊक आहे. लांब, सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे राहूनही लक्ष विझत जाण्याच्या या अवस्थेला 'महामार्ग-संमोहन' असे नाव आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाल्यानंतर हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत वारंवार येऊ लागला. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ त्याच मार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे जळून मेली. टायर फुटला की चालकाला डुलकी लागली, यावर त्यानंतर पुष्कळ वाद झाला. त्या वादात मला पडायचे नाही. पण असा वाद होऊ शकतो, यातच एक उणीव दिसते. विमान पडले तर त्याच्या पेटीतून शेवटच्या क्षणाची माहिती निघते. बसच्या चालकाचे डोळे शेवटच्या अर्ध्या तासात किती जड झाले होते, हे सांगणारे मात्र काहीच मागे उरत नाही.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न सुरू झाले आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये ट्रकचालकांचे तास वैमानिकांप्रमाणे ठरवून द्यावेत आणि व्यापारी वाहनांत झोप ओळखणारी यंत्रे बसवावीत, असे दोन्ही विचार एकत्र मांडले होते. मार्च २०२५ मध्ये त्यांच्या मंत्रालयाने एक मसुदा काढला. आठपेक्षा अधिक प्रवासी नेणाऱ्या गाड्या, बस आणि ट्रक यांच्या नव्या नमुन्यांत २०२६ पासून चालकाच्या पेंगण्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची करावी, असे त्यात सुचवले होते. अशा यंत्रणेसाठी 'एआयएस १८४' नावाचे भारतीय मानक आहे, आणि वाहनांची ही मानके प्रसिद्ध करणारी संस्था आपल्या पुण्यातील ए.आर.ए.आय. ही आहे. खरगपूरच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी तर २०१३ सालीच परक्लोस मोजणारी आणि रात्री डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात काम करणारी यंत्रणा तयार करून प्रत्यक्ष गाडीत तिची चाचणी घेतल्याचे प्रसिद्ध केले होते. तेव्हा हे काम आपल्या देशाला जमणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

यंत्रात दोष नाहीत असे नाही. चष्म्याच्या काचेवर प्रकाश चमकला की कॅमेरा चकतो. काळा गॉगल घातला की काही यंत्रांना डोळा दिसतच नाही. कोणाचे डोळे मुळातच बारीक असतात, त्याला यंत्र उगाच झोपाळू ठरवू शकते. रस्ता खड्ड्यांचा असला तर डोके हलते आणि मोजमाप बिघडते. आपल्याकडील रस्त्यांविषयी अधिक काय लिहावे? शिवाय मामांसारखी उघड्या डोळ्यांची गैरहजेरी पापणीच्या मापाला पुरती सापडत नाही. थकवा आणि झोप या दोन गोष्टी जवळच्या असल्या तरी एक नव्हेत. पापणी मुख्यतः झोपेची खबर देते. कामाच्या शिणाची खबर उड्यांच्या वेगातून मिळू शकते, पण तो वेग अचूक मोजायला अधिक महाग आणि अधिक चपळ कॅमेरा लागतो. या अडचणी कारागिरांच्या आहेत, आणि कारागीर त्या हळूहळू दूर करतील.

माझी खरी शंका पुढची आहे. समजा यंत्र निर्दोष झाले. मामांच्या ट्रकमध्ये ते बसवले. पहाटे तीन वाजता त्यांचे डोळे जड झाले आणि घंटी वाजली. पुढे काय? मामांना आपण पेंगलो आहोत हे कळले. पण ते त्यांना बरेचसे आधीही कळत होते, म्हणूनच त्यांनी काच खाली केली होती. गाडी थांबवली तर नंबर जातो. म्हणजे घंटीने त्यांना अशी सूचना दिली, की जी पाळणे त्यांना परवडत नाही. अशी घंटी दोन रात्री वाजेल, तिसऱ्या रात्री कॅमेऱ्यावर फडके येईल. आणि घंटीचा प्रत्येक ठोका मालकाच्या कार्यालयात नोंदला जात असेल, तर महिन्याच्या शेवटी 'तू बारा वेळा पेंगलास' असे म्हणून पगारातून दंड कापला जाईल. अपघात झालाच तर तीच नोंद न्यायालयात येईल आणि सगळा दोष एका माणसाच्या पापण्यांवर जाईल. ज्याने त्याला सलग अठरा तास जुंपले त्याचे डोळे कोणी मोजलेले नसतील.

'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' अशी आपल्याकडे म्हण आहे. खरी झोप आली की धोंडाही उशाला चालतो, असा तिचा अर्थ. आपल्या चालकाला धोंड्याचीही अट नाही. त्याला फक्त थांबण्याची परवानगी हवी आहे. ती परवानगी कॅमेरा देऊ शकत नाही.

ही परवानगी वास्तविक कायद्याने कधीच दिलेली आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकासाठी दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ९१ व्या कलमाने हेच तास व्यापारी वाहन चालवणाऱ्या प्रत्येकाला लावले. पुढे २०२० च्या श्रमसंहितेत तो जुना कायदा सामावला गेला, तरी ८ तासांचा दंडक कायम राहिला. साठ वर्षांहून अधिक काळ हा नियम पुस्तकात आहे. तो रस्त्यावर का उतरला नाही? कारण चालकाने किती तास काम केले हे सिद्ध करणे कठीण होते. नोंदवही मालकाची, सही चालकाची आणि आकडे सोयीचे. नेमक्या या ठिकाणी डोळ्यांची साक्ष उपयोगी पडेल असे मला वाटते. एखाद्या मालकाच्या दहाही गाड्यांत रोज रात्री दोननंतर चालकांचे डोळे जड होत असतील, तर दहाही चालक आळशी आहेत असा निष्कर्ष कोणी शहाणा काढणार नाही. वेळापत्रक चुकले आहे, असाच तो काढावा लागेल.

इतिहासात असे घडलेले आहे. इटलीतील तूरिनचे शरीरशास्त्रज्ञ आन्जेलो मोस्सो यांनी बोटाच्या स्नायूचा थकवा मोजणारे यंत्र बनवले आणि १८९१ साली थकव्यावर एक ग्रंथ लिहिला. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांत माणसे रात्रंदिवस राबत होती. १९१५ साली तेथील सरकारने कामगारांच्या आरोग्यासाठी एक समिती नेमली. त्या समितीसाठी थकव्याचा आणि उत्पादनाचा हिशोब मांडला गेला, तेव्हा असे आढळले की तास कमी केल्यावर एकूण उत्पादन घटण्याऐवजी काही कामांत वाढले. मोजमाप झाले ते कामगाराचे. पण बदलले ते कामाचे तास.

आपल्या महाराष्ट्राला तर यासाठी इटली-इंग्लंडकडे पाहण्याचेही कारण नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी मागण्या मांडल्या गेल्या; त्यांत रविवारची सुटी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या प्रमुख होत्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. लोखंडे यांच्याजवळ थकवा मोजण्याचे कोणतेही यंत्र नव्हते. कामगारांचे चेहरे त्यांना दिसत होते आणि तेवढे पुरेसे होते. आज यंत्र आले आहे. अशा वेळी लोखंड्यांच्या महाराष्ट्राने त्या यंत्राचा उपयोग कामगाराला दंड करण्यासाठी करावा, हे आपल्या परंपरेला शोभणार नाही.

याविरुद्ध मालकांची बाजू आहे आणि ती ऐकून घेतली पाहिजे. एकाच ट्रकचा मालक हा काही धनदांडगा नसतो. पुष्कळदा तोच चालक असतो आणि कर्जाचा हप्ता त्याच्याही मानगुटीवर असतो. दुसरा चालक ठेवणे त्याला परवडत नाही. यंत्राने एक जरी जीव वाचला तरी ते बसवावे, हक्कांच्या गोष्टी नंतर बोलू, असेही काही जण म्हणतील. पहिल्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच विश्रांतीचा भार एकट्या ट्रकमालकावर न टाकता, ज्याच्यासाठी माल वाहिला जातो त्यानेही तो उचलला पाहिजे. दुसरे म्हणणे मात्र मला पटत नाही. युरोपात कॅमेरा नंतर आला, तास आधी बांधले गेले. तेथे साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटे थांबावे लागते, आणि सर्वसाधारणपणे दिवसाला ९ तासांपेक्षा अधिक काळ चालवता येत नाही. त्यानंतर जुलै २०२२ पासून नव्या नमुन्यांच्या आणि जुलै २०२४ पासून सर्वच नव्या गाड्यांत पेंगण्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. त्याच कायद्यात असेही बजावले आहे, की या यंत्रणेने गोळा केलेली माहिती तिऱ्हाइताला मिळता कामा नये आणि काम झाल्यावर ती लगेच पुसली गेली पाहिजे. यंत्राने चालकाला सावध करावे, त्याच्यावर पहारा करू नये, हा भेद त्यांनी कायद्यातच केला. आपण यंत्र तेवढे आणले आणि हा भेद तिकडेच सोडून दिला, तर ते अर्धेच अनुकरण होईल.

यावरून माझ्या सूचना सरळ आहेत. एक म्हणजे, घंटी वाजल्यावर चालकाने गाडी थांबवली तर त्याची खेप, नंबर किंवा पगार बुडणार नाही, असा नियम हवा. कारखान्याच्या यार्डात ज्याचा नंबर लागला आहे त्याला दोन तास झोपूनही तो नंबर राखता आला, तर त्यात कारखान्याचे फारसे बिघडत नाही. दुसरे असे, की एकेका चालकाच्या डोळ्यांची नोंद मालकाकडे जाऊ नये. नाव काढून टाकलेली, मार्गवार आणि तासवार एकत्र केलेली माहिती परिवहन खात्याकडे जावी, म्हणजे कोणत्या रस्त्यावर, कोणत्या वेळी, कोणत्या प्रकारच्या कामात डोळे मिटतात ते कळेल. अपघात झाल्यास तेवढ्या प्रवासाची नोंद चौकशी करणाऱ्याने पाहावी, पण तिच्या जोडीला त्या चालकाच्या मागील आठवड्याच्या कामाचे तासही पाहावेत. आणि तिसरे, महामार्गावर ठरावीक अंतरावर गाडी उभी करून सुरक्षित झोपता येईल अशा जागा हव्यात. पाणी, शौचालय आणि दिवा असला तरी पुरे. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांवरून एका मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा 'विश्रांतीचे तास' हा शब्द घरोघरी पोहोचला. आकाशातल्या चालकासाठी जे मान्य झाले, ते जमिनीवरच्या चालकाला अमान्य का असावे?

शेवटी थोडे आपल्याविषयी. जागरणाला आपल्याकडे फार मान आहे. परीक्षेच्या दिवसांत 'मी चारच तास झोपतो' असे सांगणारा मित्र आपल्याला पराक्रमी वाटतो आणि अभ्यासिकेचा दिवा रात्रभर जळला की गावाला कौतुक वाटते. वर सांगितलेला सहा तासांच्या झोपेचा प्रयोग आपल्यालाही लागू आहे. रात्री दोन वाजता एकच ओळ तीनदा वाचूनही अर्थ लागत नाही तेव्हा डोळे आपल्याला काहीतरी सांगत असतात. समाज म्हणून आपण न झोपण्याला सद्गुण मानत राहिलो, तर ट्रकचालकाला झोपू द्या असे सांगण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.

आणि निदान एक काम आपल्याला करता येण्याजोगे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिराच्या वेळी ऊस वाहतूक ऐन भरात असते. रस्त्याच्या कडेच्या धाब्यावर, हॉटेलवर बसून, चालकांची नावे न विचारता, त्यांना एवढेच विचारावे: काल किती वाजता उठलात, शेवटचे किती तास झोपलात, आज किती खेपा झाल्या, आणि थांबलात तर काय बुडते? शंभर चालकांची अशी उत्तरे नीट टिपून, मांडून, परिवहन कार्यालयाला, साखर कारखान्यांना आणि लोकप्रतिनिधींना सादर करावीत. कॅमेरे येतील तेव्हा येतील. त्यांचे आकडे वाचताना ज्यांच्या डोळ्यांचे ते आकडे आहेत त्या माणसांचे म्हणणेही शेजारी लिहिलेले असावे, ही तयारी आपल्या महाविद्यालयाने आतापासून करावी, असे मला वाटते. प्राध्यापक मंडळींनी आणि विद्यार्थी मित्रांनी यावर आपले मत अवश्य सांगावे.